देवाच्या गौरवाचें वजन

(कौटुंबिक उपासनेसाठीं सात दिवसांचे शास्त्रपाठ)



"देवाचें गौरव" हे शब्द आपल्या प्रार्थनांत व गायनांत इतक्या वेळां येतात कीं, त्यांचा अर्थ काय हें विचारण्याचें आपण विसरून जातों. कोणास वाटतें, गौरव म्हणजे स्वर्गांतील लखलखीत प्रकाश. कोणास वाटतें, गौरव म्हणजे स्तुतीचे शब्द. जुन्या करारांत ह्या अर्थीं जो इब्री शब्द येतो तो 'काबोद' होय, आणि त्याच्या मुळाशीं 'जड असणें' हा अर्थ आहे. आपल्या भाषेंतही असेंच आहे. 'गुरु' म्हणजे जड, आणि त्यावरूनच 'गौरव' हा शब्द झाला. गांवांत एखाद्याचा शब्द मानला जातो तेव्हां "त्याचें वजन आहे" असें आपण म्हणतों. तर मग देवाचें गौरव करणें म्हणजे आपल्या घरांत, व्यवहारांत व मनांत त्याच्या शब्दास सर्वांहून अधिक वजन देणें होय. पुढील सात उतारे हाच एक धडा शिकवितात.

रोज दिवेलागणीनंतर ज्यास वाचतां येतें त्यानें उतारा दोनदां सावकाश वाचावा, मग खालील विचार वाचून दाखवावा, आणि लहानथोरांनीं मिळून प्रार्थना करावी.

सोमवार : स्तोत्र १९

आकाश देवाचें गौरव सांगतें, पण त्यास ना शब्द ना वाणी. तरी त्याचा संदेश पृथ्वीच्या टोंकापर्यंत पोंचतो. ज्यास एक अक्षरही येत नाहीं त्यालाही हें पुस्तक उघडें आहे. स्तोत्रकर्ता सूर्याचें वर्णन नवरदेवासारखें व धांवणाऱ्या वीरासारखें करितो; परंतु तो सूर्यास नमस्कार करीत नाहीं, कारण सूर्य हा चाकर आहे, धनी नव्हे. मात्र सातव्या वचनापासून तो आकाश सोडून देवाच्या नियमशास्त्राकडे वळतो, आणि शेवटीं आपल्या गुप्त दोषांची क्षमा मागतो. तारे देवाचें सामर्थ्य दाखवितात, पण पापाची क्षमा कोठें मिळते हें ते सांगूं शकत नाहींत. म्हणून आकाश पाहावें, आणि शास्त्रही वाचावें.

मंगळवार : निर्गम ३३:१८–२३, ३४:५–७

इस्राएल लोकांनीं सोन्याचें वासरूं करून मोठें पाप केलें होतें. त्यानंतर मोशेनें देवाजवळ मागणें केलें कीं, तुझें गौरव मला दाखीव. देवानें काय उत्तर दिलें? त्यानें गडगडाट व वीज दाखविण्याचें वचन दिलें नाहीं. आपला सर्व चांगुलपणा तुजपुढून चालवीन असें तो म्हणाला. खडकाच्या कपारींत मोशेस झांकून तो जवळून गेला, आणि आपलें नांव त्यानें प्रगट केलें : दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, आणि तरी अपराधाकडे डोळेझांक न करणारा. देवाच्या थोरवीचें सार त्याच्या दयेंत व न्यायांत आहे. ज्या घरीं लेकरांस केवळ देवाचा धाक सांगितला जातो, त्या घरीं त्याचें गौरव अर्धेंच सांगितलें जातें.

बुधवार : निर्गम ४०:३४–३८, योहान १:१४

अरण्यांत निवासमंडप उभारला तो राजाच्या खजिन्यांतून नव्हे. लोकांनीं आपखुषीनें अर्पणें आणिलीं, स्त्रियांनीं आपल्या हातांनीं सूत व बकऱ्यांचे केस कांतले, आणि अर्पणें इतकीं आलीं कीं मोशेला "पुरे" म्हणावें लागलें. असा हा कापडाचा तंबू. पण परमेश्वराच्या तेजानें तो इतका भरून गेला कीं मोशेलाही आंत जातां येईना. पुढें योहान लिहितो कीं, शब्द देही होऊन आपल्यामध्यें राहिला. तेथील ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'तंबू देऊन राहिला' असा आहे. ज्या मंडळीस पक्कें प्रार्थनामंदिर नाहीं, जी झाडाखालीं किंवा कोणाच्या ओसरीवर जमते, तिनें खिन्न होऊं नये. देव भिंतींची उंची पाहून येत नाहीं.

गुरुवार : १ शमुवेल २:२७–३०, ४:१०–२२

हा दुःखाचा पाठ आहे. पलिष्ट्यांशीं लढतांना इस्राएलांनीं कराराचा कोश शिलोहून रणांत आणिला. त्यांस वाटलें, ही पेटी जवळ असली कीं जय ठरलेलाच. त्यांनीं देवाचा ताईत केला. तीस हजार पायदळ पडलें, कोश शत्रूच्या हातीं गेला, आणि अठ्ठ्याण्णव वर्षांचा एली ती वार्ता ऐकून आसनावरून पडून मेला. शास्त्र सांगतें कीं तो म्हातारा व जड होता. आणि येथें 'जड' ह्यासाठीं जो शब्द आहे तो 'काबोद' ह्याच मुळांतील आहे. एलीनें आपल्या मुलांचा मान देवाच्या मानाहून अधिक राखला होता, म्हणून त्याचें स्वतःचें वजन वाढलें, पण त्याच्या घरांतून देवाचें वजन गेलें. त्याच्या सुनेनें मरतांना नवजात बालकाचें नांव ईखाबोद, म्हणजे 'गौरव कोठें आहे', असें ठेविलें.

आपणही आपणांस तपासूं या. शास्त्राचें पुस्तक उशाशीं ठेवून भुतांपासून रक्षण मागणें, पण तें उघडून न वाचणें, हा तोच ताईत आहे. आपला भाऊ किंवा पुत्र चुकला असतां मंडळींत गप्प बसणें, हें एलीचेंच पाप आहे.

शुक्रवार : योहान १२:२३–४३

कांहीं ग्रीक लोक येशूस पाहूं इच्छीत होते. तेव्हां तो म्हणाला कीं, मनुष्याच्या पुत्राचें गौरव होण्याची वेळ आली आहे. आणि लगेच तो गव्हाच्या दाण्याविषयीं बोलला. शेतकऱ्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. कणगींत जपून ठेविलेला दाणा एकटाच राहतो. मातींत पडून मरतो तोच कणीस देतो. जगानें वधस्तंभावर अपमान पाहिला. प्रभूनें त्यालाच आपलें गौरव म्हटलें.

ह्याच अध्यायाच्या शेवटीं एक लज्जास्पद वाक्य आहे. पुष्कळ अधिकाऱ्यांनीं विश्वास ठेविला, पण सभास्थानांतून काढतील ह्या भीतीनें तो कबूल केला नाहीं, कारण देवाकडील मानापेक्षां माणसांकडील मान त्यांस प्रिय होता. ज्यांस भाऊबंदांनीं वाळींत टाकण्याची भीति घातली आहे त्यांनीं हा पाठ गुडघे टेंकून वाचावा. माणसांचा मान खरोखर वजनदार वाटतो. म्हणूनच तो ताजव्यांत घालून पाहावा.

शनिवार : २ करिंथ ४:६–१८

पौल हाच ताजवा हातीं घेतो. एका पारड्यांत तो आपला छळ, मार व उपास घालितो आणि त्यांस हलकें म्हणतो. दुसऱ्या पारड्यांत सार्वकालिक गौरवाचा भार घालितो. दुःख हलकें आहे असें तो सुखांत बसून लिहीत नाहीं. आणि हें धन मातीच्या मडक्यांत आहे, असेंही तो सांगतो, यासाठीं कीं सामर्थ्य देवाचें ठरावें, मडक्याचें नव्हे.

केडगांवच्या पंडिता रमाबाईंनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साऱ्या शास्त्राचें मराठींत भाषांतर केलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली; तरी बाईंनीं काम टाकिलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचाही देहान्त झाला, आणि मुक्तिसदनाच्या छापखान्यांत तें शास्त्र १९२४ सालीं पूर्ण छापून निघालें. मडकें फुटलें, धन राहिलें.

रविवार : १ करिंथ १०:२३–३३

आठवड्याचा शेवट स्वयंपाकघरांत होतो. करिंथांतील विश्वासणाऱ्यांपुढें प्रश्न होता : शेजाऱ्यानें जेवावयास बोलाविलें तर जावें कीं नाहीं? पौल म्हणतो, जावें व वाढलेलें खावें. पण हें मूर्तीचें नैवेद्य आहे असें कोणी सांगितलें, तर त्याच्या विवेकासाठीं खाऊं नये. मग तो निष्कर्ष काढितो कीं, खाणें, पिणें व जें कांहीं करितां तें सर्व देवाच्या गौरवासाठीं करावें.

सर्वांत लग्नही आलें. "लोक काय म्हणतील" ह्या एका वाक्याखातर शेत गहाण पडतें, चार दिवस मांडव शोभतो आणि लेकरें वर्षांनुवर्षें व्याज भरतात. तेथें कोणाच्या शब्दाचें वजन अधिक झालें? साध्या भाकरीवर उपकारस्तुति करून, ऋण न काढितां लावलेलें लग्न देवाचें गौरव करितें. मापांत खोट न करणारा दुकानदार व नेमानें काम करणारा मजूर हेही तेंच करितात.

उपदेशकांसाठीं प्रश्न

१. मोशेनें गौरव मागितलें तेव्हां देवानें काय दाखविण्याचें कबूल केलें?
२. कोश रणांत नेऊनही इस्राएलांचा पराभव कां झाला?
३. आपल्या गांवीं कोणत्या प्रसंगीं देवापेक्षां लोकांच्या शब्दास अधिक वजन मिळतें? त्या प्रसंगीं मंडळीनें एकमेकांस कसें साहाय्य करावें?

तिसऱ्या प्रश्नास घाईनें उत्तर घेऊं नये. कर्जांत अडकलेल्या किंवा वाळींत पडलेल्या बंधूस दोष लावण्यापूर्वीं त्याच्या घरीं जाऊन बसावें.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्या मनाच्या ताजव्यांत माणसांचें भय जड व तुझें वचन हलकें झालें आहे, ह्याची आम्हांस क्षमा कर. तुझा चांगुलपणा आम्हांस दाखीव. आमचीं घरें लहान आहेत, तरी तीं तुझ्या समक्षतेनें भरून टाक. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.