आठ फूट गेले कुठे?

प्रश्न : आजोबांना नाटकाचं भारी वेड. त्यांची पायपेटी अजून माजघरात आहे. पुढच्या गोल खुंट्यांवर इंग्रजी नावं आणि शेजारी ‘८ फूट’, एकीवर ‘४ फूट’ असं लिहिलंय. पेटी तर माझ्या छातीलाही लागत नाही. मग हे माप कशाचं?
– एक वाचक, खर्डी

उत्तर : माप खरं आहे, पण तुमच्या पेटीचं नव्हे. ते चर्चमधल्या पाइप ऑर्गनचं.

त्यात प्रत्येक सुराला वेगळी नळी असते. बासरीच म्हणा, फक्त फुंकायला भाता. तारप्यातही हवा आधी भोपळ्यात साठते आणि मग नळ्यांत जाते, तसंच काहीसं. दोन्हीकडून उघडी नळी आठ फुटांची केली, की मधल्या पांढरी एकच्या दोन सप्तकं खालची पांढरी एक बोलते. चार फुटांची केली, की त्यावरची. नळ्यांच्या एकेका संचाला एक खुंटी, आणि संचातल्या सर्वांत खालच्या सुराच्या नळीची लांबी तिच्यावर. गंमत अशी, की नळीचं वरचं तोंड बंद केलं तर चार फुटांतच आठ फुटांचा सूर निघतो. तरी खुंटीवर आठच लिहितात! म्हणजे आकड्याने लांबीची साथ तिथेच सोडली होती.

एवढा नळ्यांचा पसारा लहान चर्चला कुठून परवडणार? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पायाने हवा ओढणारे रीड ऑर्गन निघाले. बोस्टनची ‘मेसन अँड हॅम्लिन’ १८५४ची. भिंतभर नळ्यांचं काम पितळेच्या पट्ट्यांवर आलं, खुंट्यांवरची नावं आणि फूट मात्र तसेच राहिले. आपल्याकडे हीच पेटी रंगमंचासमोर बसली आणि बालगंधर्वांच्या गाण्याला सारंगीसोबत साथ करू लागली. चर्चचा आकडा घेऊन ‘स्वयंवर’ला बसलेलं हे वाद्य मला फार आवडतं.

पुढे १९३५मध्ये हॅमंडचा विजेवरचा ऑर्गन बाजारात आला. आत नळी नाही, रीडही नाही, नुसती फिरणारी दातेरी चाकं. पण ओढायच्या दांड्यांवर पुन्हा १६, ८, ४ फूट! आज चर्चमध्ये नि नाटकातही ऑर्गनच्या जागी कीबोर्ड दिसतो, त्याच्या ऑर्गनच्या आवाजांतही हे आकडे सापडतात.

खऱ्या नळ्या पाहायच्या तर कसारा लोकलने सीएसएमटीला उतरा. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आणि तुमच्या पेटीवर ‘व्हॉक्स ह्युमाना’, म्हणजे माणसाचा आवाज, अशी खुंटी आहे का बघा. असली तर ती ओढून पेटीची मागची फळी काढा आणि कुणाला तरी पाय मारायला सांगा. आत एक चपटं पातं गरगरताना दिसेल. सूर थरथरतो तो त्याच्यामुळे. नाही फिरलं, तर आधी उंदराचं घरटं शोधा.