गटाचा हिशोब जुळत नाही, मग गप्प का?

व्हिडिओत घाईत सांगितलं, म्हणून इथे नीट लिहितोय. चिखली असो की मेहकर, बचत गटाच्या कर्जावर मसाला-पापडाचा धंदा उभा करणाऱ्या ताईंनो, गटातला पैशांचा घोळ बहुतेक वेळा दोघी-तिघींना आधीच दिसलेला असतो. पण अध्यक्ष म्हणजे जाऊबाई नाहीतर शेजारीण! बोलायचं कसं? मग विषय निघतो तो हप्ते थकल्यावर, आणि तेव्हा पुढचं कर्ज सगळ्यांचंच अडतं.

‘उमेद’च्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्यासोबत हिशोबाच्या नोंदीही आहेत, त्या याचसाठी. दर बैठकीत पासबुकातली शिल्लक मोठ्याने वाचा. वाचणारी दर वेळी वेगळी हवी. मग विचारणं म्हणजे आरोप वाटत नाही, गटाची रीत वाटते. आणि कोऱ्या विड्रॉल स्लिपवर आगाऊ सही? कितीही घाई असली तरी नाही.

तरीही आकडा जुळत नसेल, तर तारीख आणि रक्कम लिहून ठेवा, पासबुकाचा फोटो काढा. आधी बैठकीतच विचारा, कारण चूक नुसती बेरजेचीही असू शकते. प्रश्न इतिवृत्तात लिहायला लावा. टाळाटाळ झाली तर ग्रामसंघाकडे, तिथेही नाही तर उमेदच्या तालुका कक्षाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जावर दोघी-तिघींच्या सह्या असू द्या, म्हणजे एकटीवर राग निघत नाही.