उष्णतेची लाट आणि तिची आगाऊ वर्दी

वादळ झालें म्हणजे छपरें उडतात, पूर आला म्हणजे पूल वाहून जातात, आणि दुसऱ्या दिवशीं जो तो नुकसान पाहावयास धांवतो. उष्णतेच्या लाटेचें तसें नाहीं. ती येते तेव्हां आकाश निरभ्र असतें. झाड मोडत नाहीं, भिंत पडत नाहीं. परंतु पत्र्याच्या खोलींतील एखादी वृद्ध बाई किंवा बांधावरचा एखादा मजूर प्राणास मुकतो, व 'एकाएकीं ताप भरला' एवढेंच कारण लोक सांगतात. ह्यास्तव लाट म्हणजे काय, ती आधीं कशी कळते, आणि कळल्यावर कोणीं काय करावयाचें, ह्या गोष्टी ह्या पाठांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. शिक्षकांनीं हा पाठ रात्रीच्या वर्गांत सावकाश वाचून दाखवावा.

१. लाट कशास म्हणावी?

उन्हाळ्यांत ऊन तापावयाचेंच. प्रत्येक कडक दिवसास लाट म्हणत नाहींत. भारतीय हवामानखात्याची कसोटी अशी आहे. सपाट प्रदेशांत दिवसाचें कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा अधिक झालें, आणि तें त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षां निदान साडेचार अंशांनीं वाढलें, म्हणजे लाट समजावी, वाढ ६.४ अंशांहून अधिक असेल तर ती तीव्र लाट. सरासरी कांहींही असो, पारा ४५ अंशांस पोंचला कीं लाट, व ४७ अंशांस पोंचला कीं तीव्र लाट. समुद्रकिनाऱ्यास ४० च्या ऐवजीं ३७, व डोंगराळ भागास ३० अंश धरितात. ह्यावरून हें ध्यानांत येईल कीं, केवळ आंकडा पाहून भागत नाहीं. शरीरास जी संवय असते तिच्याहून अकस्मात् झालेली वाढ फार घातक होय. नागपूरकर ज्या उन्हांत आपला व्यवहार करितो, तेंच ऊन रत्नागिरीस पडलें तर अनर्थ होईल.

२. तापमान कसें मोजतात?

तापमान उन्हांत मोजीत नाहींत, सावलींत मोजतात. उष्णतामापक यंत्र पांढऱ्या, झडपांच्या पेटींत, जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर, मोकळ्या जागीं ठेवितात. म्हणून उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींतील आंकडा पाहून 'आज पन्नास झालें' असें म्हणणें व्यर्थ होय.

उच्चांकाविषयीं तर फारच सावध असावें लागतें. लिबिया देशांत अल अझीझिया येथें १९२२ सालीं ५८ अंश नोंदले गेले, व तो दीर्घकाळ जगाचा उच्चांक मानला जात होता. परंतु जागतिक हवामान संघटनेनें तपास करून २०१२ सालीं ती नोंद रद्द केली. दिल्लींतील मुंगेशपूर येथें २९ मे २०२४ रोजीं ५२.९ अंश झाल्याची बातमी देशभर पसरली. पुढें चौकशी होतां तेथील यंत्र सुमारें तीन अंश अधिक दाखवीत असल्याचें आढळलें. आपल्या देशाचा मान्य उच्चांक ५१ अंशांचा असून तो राजस्थानांत फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं नोंदला गेला. त्यापूर्वींचा उच्चांक त्याच राज्यांतील अलवरचा, ५०.६ अंशांचा, १९५६ सालचा होता.

३. लाट कशी उत्पन्न होते?

वरच्या थरांतील हवा मोठ्या प्रदेशावर हळूहळू खालीं उतरूं लागली म्हणजे ती दाबली जाऊन तापते; एक किलोमीटर उतरतांना सुमारें दहा अंश. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड गरम होतें, तोच हा प्रकार. अशा उतरत्या हवेंत ढग बनत नाहींत, व दिवसभर ऊन लागतें. जमिनींत ओल असेल तर उन्हाची पुष्कळ शक्ति ती ओल सुकविण्यांत खर्च होते. जमीन कोरडी असेल तर बहुतेक ताप हवेसच मिळतो. त्यांत वायव्येकडील कोरडे, तापलेले वारे येऊन मिळाले म्हणजे विदर्भापासून तेलंगणापर्यंत भट्टी पेटल्यासारखें होतें.

ह्याखेरीज आणखी एक कारण आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळें गेल्या सुमारें दीडशे वर्षांत पृथ्वीचें सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढलें आहे. लाटा पूर्वींही येत होत्या. परंतु ज्या पायरीवरून त्या चढावयास लागत, ती पायरीच आतां उंच झाली आहे. ह्यामुळें जुने उच्चांक वारंवार मोडत आहेत.

४. ती आधीं कशी कळते?

आपल्या हवामानखात्याची स्थापना १८७५ सालीं झाली. १९२८ सालीं त्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें, व तेथील इमारतीस लोक अद्याप 'सिमला ऑफिस' म्हणतात. आज वेधशाळांच्या नोंदी, हवेंत सोडलेले फुगे, आणि उपग्रह ह्यांजकडून आलेली माहिती संगणकांत घालून पुढील दिवसांचें गणित मांडितात. तें एकदांच मांडीत नाहींत. आरंभींच्या आंकड्यांत किंचित् फेरफार करून अनेक वेळां मांडितात. बहुतेक उत्तरें एकाच बाजूस पडलीं, तर वर्दी विश्वासानें देतां येते. उत्तरें विखुरलीं, तर जपून बोलावें लागतें. जें पूर्वीं कधीं घडलें नाहीं तें घडेल असें सांगणें कठीण खरें, तथापि तेंही आतां साधूं लागलें आहे. इंग्लंडांत ४० अंश पूर्वीं कधींही नोंदले गेले नव्हते. १५ जुलै २०२२ रोजीं तेथील हवामानखात्यानें उष्णतेचा लाल इशारा प्रथमच दिला, आणि चार दिवसांनीं, १९ जुलै रोजीं, कॉनिंग्सबी येथें ४०.३ अंश झाले.

आपल्याकडे इशारे पिवळा, नारिंगी व लाल अशा चढत्या रंगांनीं देतात. पिवळा म्हणजे सावध असा, नारिंगी म्हणजे तयारी करा, आणि लाल म्हणजे कृति करा.

५. वर्दी आली, पण दार कोणीं ठोठावलें?

जून २०२१ च्या अखेरीस कॅनडाच्या पश्चिम भागांत लाट आली. तिची वर्दी कांहीं दिवस आधींच दिली गेली होती. त्या देशाचा जुना उच्चांक ४५ अंशांचा, १९३७ सालचा. परंतु २९ जून रोजीं लिटन नांवाच्या लहानशा गांवीं पारा ४९.६ अंशांवर गेला, व दुसऱ्याच दिवशीं त्या गांवाचा बहुतेक भाग वणव्यांत जळाला. त्या आठवड्यांत ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत उष्णतेनें ६१९ माणसें मेलीं. त्यांपैकीं शेंकडा ९८ घराच्या किंवा इमारतीच्या आंत मेलीं, आणि अर्ध्याहून अधिक एकटीं राहणारीं होतीं. भाकीत खरें ठरलें, परंतु तें त्या बंद दारांच्या आंत गेलें नाहीं.

फ्रान्स देश हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. ऑगस्ट २००३ च्या लाटेंत तेथें नित्याहून सुमारें १५,००० माणसें अधिक मेलीं. त्यांत वृद्धांचा भरणा फार. पुढील वर्षीं सरकारनें योजना आखिली. तींत वर्दीची व्यवस्था झाली, व एकट्या वृद्धांच्या याद्या ठेवून त्यांची विचारपूस करण्याचें ठरलें. जुलै २००६ मध्यें पुन्हां लाट आली. जुन्या हिशेबानें सुमारें ६,४०० मृत्यु अधिक व्हावयाचे, ते सुमारें २,००० झाले.

आपल्या शेजारच्या गुजराथेंतील उदाहरण घ्या. अहमदाबादेंत मे २०१० मध्यें पारा ४६.८ अंशांवर गेला, व त्या महिन्यांत नित्याहून १,३४४ मृत्यु अधिक झाले. २०१३ सालीं त्या शहरानें उष्णतेविषयींची कृतियोजना अमलांत आणिली. पुढील अभ्यासांत असें अनुमान निघालें कीं, तिच्यामुळें वर्षास हजाराहून अधिक जीव वांचले. ऊन तेंच होतें. फरक एवढाच कीं, वर्दी आल्यावर कोणीं कोठें जावयाचें हें आधीं ठरलें होतें.

६. आपल्या गांवांत काय करावें?

गांवास मोठ्या खर्चाची गरज नाहीं. एकटे राहणारे वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया व तान्हीं मुलें ह्यांची यादी चैत्रांतच करून ठेवावी, आणि प्रत्येक नांवापुढें एका शेजाऱ्याचें नांव लिहावें. ज्याच्या मोबाइलवर इशारा येतो त्यानें तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा व दवंडी पिटवावी. लाल इशारा असतां त्या शेजाऱ्यानें दुपारीं एकदां व रात्रीं एकदां दार ठोठावावें. कारण रात्र थंड झाली नाहीं तर दिवसाचा शीण शरीरांत तसाच राहतो.

मजुराची भाकरी रोजच्या कामावर असते. त्यास 'घरीं बस' म्हणणें सोपें, परंतु त्यानें खावें काय? म्हणून ज्याच्या हातीं काम आहे त्यानें तें पहांटे सुरू करून अकराच्या आंत थांबवावें, उरलेलें सायंकाळीं घ्यावें, आणि मजुरी कापूं नये. कामाजवळ सावली व पिण्याचें पाणी असावें. ताक, पन्हें, मीठसाखरेचें पाणी हीं उत्तम. उघड्या मैदानांत दुपारच्या सभा व लग्नें ठेवूं नयेत. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उन्हांत भरलेल्या एका समारंभास आलेलीं चौदा माणसें उष्माघातानें दगावलीं. त्या दिवशीं जवळच्या नोंदींत पारा सुमारें ३८ अंशच होता. किनाऱ्याकडील दमट हवेंत घाम वाळत नाहीं, व घाम वाळला नाहीं तर अंग थंड होत नाहीं.

अंग अतिशय तापलें, मनुष्य असंबद्ध बोलूं लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात होय. त्यास तत्काळ सावलींत न्यावें, कपडे सैल करावे, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा व जांघा येथें ओलीं फडकीं ठेवावीं, आणि १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसतां तोंडांत पाणी घालूं नये. गाडी येईपर्यंत अंग थंड करणें थांबवूं नये. ह्या थोड्या वेळावरच प्राण अवलंबून असतो.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. समुद्रकिनारा व सपाट प्रदेश ह्यांच्या कसोट्या निराळ्या कां?
२. कोरडी जमीन लाट कशी वाढविते?
३. कॅनडांतील २०२१ ची लाट व फ्रान्समधील २००६ ची लाट ह्यांच्या हकिकतींवरून कोणता बोध होतो?
४. आपल्या गल्लींत एकटें कोण राहतें? त्यांचें दार कोणीं ठोठावावयाचें? नांवें आजच लिहून काढा.