कानातील बिल्ला आणि मालकाची नोंद

सोलापूर जिल्ह्यात खिलार बैल व पंढरपुरी म्हैस ही शेतकऱ्याची मोठी दौलत होय. पूर्वी जनावराची ओळख रंग, शिंगे व डाग यांवरून पटवीत असत. परंतु सांगोल्याच्या बाजारात एकासारखे एक असे अनेक खिलार उभे असता ही ओळख पुरी पडत नाही. याकरिता जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारण्यात येतो. हा क्रमांक व मालकाचे नाव, गाव आणि मोबाईल क्रमांक यांची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीत होते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातील लाळ्या-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात या रोगांच्या लसीकरणाची नोंदही याच क्रमांकावर ठेवली जाते.

१ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करण्यास मनाई आहे. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य पशूंचा हल्ला यांत जनावर दगावल्यास बिल्ल्यावाचून नुकसानभरपाईही मिळत नाही.

तथापि केवळ बिल्ला मारून काम संपत नाही. बिल्ला म्हणजे घराचा क्रमांक. आत कोण राहतो हे नोंदवहीच सांगते. बैल विकला, पण नोंद जुन्याच मालकाच्या नावे राहिली, तर बैल चुकल्यास निरोप भलत्याच दारी जातो आणि भरपाईच्या वेळी खऱ्या मालकास हक्क शाबीत करणे अवघड होते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने दगावलेल्या गाईस ३०,००० रुपये, बैलास २५,००० रुपये व वासरास १६,००० रुपये असे साहाय्य शासनाने दिले होते. एवढी रक्कम नोंदीअभावी हातची जाणे लहान शेतकऱ्यास परवडणारे नाही.

म्हणून शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी अगत्याने कराव्यात :

१. खरेदी करतेवेळी बिल्ल्याचा क्रमांक स्वतः वाचून विक्रीच्या दाखल्याशी ताडून पाहावा.

२. व्यवहार होताच पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मालकीची नोंद बदलून घ्यावी.

३. मोबाईल क्रमांक बदलल्यास तो त्वरित कळवावा.

४. बिल्ला गळून पडल्यास नवा मारून घ्यावा व जुन्या क्रमांकाची नोंद त्यास जोडून घ्यावी.

५. बिल्ला मारल्यावर काही दिवस कान पाहावा. सूज वा पू दिसल्यास उपचार करावा.

६. जनावर दगावल्यास तेही कळवावे.

ग्रामसेवकांनी विक्रीच्या दाखल्यावर बिल्ल्याचा क्रमांक लिहिण्यास चुकू नये. गावातील जनावरांच्या नोंदी पोळ्यापूर्वी एकदा तपासण्याचा परिपाठ ठेवल्यास हे काम सहज पार पडेल.