'चे' आणि 'तले' : एका चॅपलची गोष्ट

मुलांनो, केंब्रिजचे चॅपल म्हटले की किंग्ज कॉलेजचे उंच चॅपल डोळ्यांपुढे येते. त्याचा पाया १४४६ साली घातला गेला. आज आपण त्याहून ५०० वर्षांनी लहान अशा चॅपलची माहिती घेऊ. ते चर्चिल कॉलेजच्या आवारात, इमारतींपासून दूर, खेळाच्या मैदानांच्या पलीकडे आहे. ते एवढे दूर का, ठाऊक आहे?

चर्चिल कॉलेज १९६० साली स्थापन झाले. तेथे विज्ञानाला अग्रस्थान होते. डीएनएची रचना शोधणारे फ्रान्सिस क्रिक तेथे फेलो होते. विज्ञानाच्या नव्या कॉलेजात चॅपल नको, असे त्यांचे ठाम मत होते. चॅपल होणार हे ठरल्यावर १९६१ साली त्यांनी राजीनामा दिला. विन्स्टन चर्चिल यांचे म्हणणे असे, की ज्याला जायचे त्याने जावे, सक्ती कोणावरच नाही.

अखेर तडजोड झाली. चॅपल बांधायचे, पण कॉलेजच्या पैशातून नव्हे, देणगीतून. कारभार वेगळ्या विश्वस्त मंडळाने पाहायचा. जागा आवाराच्या टोकाला. १९६७ साली वास्तू पूर्ण झाली. वास्तुशिल्पी होते रिचर्ड शेपर्ड.

तपकिरी विटा आणि काँक्रीट, चौरसात बसवलेला क्रूस; उंच शिखर नाही, कोरीवकाम नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरची अनेक चर्चेस अशीच साधी आहेत. रंगीत काचांची चित्रे जॉन पायपर यांची. काचकाम पॅट्रिक रेन्टियन्स यांचे. १९४० च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलशेजारी १९६२ साली नवे उभे राहिले, तेथेही याच जोडीच्या काचा आहेत. लिव्हरपूलच्या १९६७ च्या कॅथलिक कॅथीड्रलमध्येही त्यांचेच काम आहे. तेथे वेदी मधोमध असून लोक सभोवती बसतात.

आता व्याकरण. या वास्तूला मुद्दाम 'चर्चिल कॉलेजातले चॅपल' म्हणतात, 'चर्चिल कॉलेजचे चॅपल' नव्हे. 'चे' हा षष्ठीचा प्रत्यय मालकी सांगतो. 'त' हा सप्तमीचा प्रत्यय फक्त ठिकाण सांगतो. घरातला पाहुणा घरात असतो, पण घराचा मालक नसतो, तसेच हे. एवढ्याशा प्रत्ययाने दोन्ही पक्षांचा मान राखला. क्रिक यांनी मात्र राजीनामा दिलाच होता. तडजोडीने सगळेच समाधानी होतात असे नाही.

शब्दार्थ
वेदी – पूजेचा ओटा
विश्वस्त – दुसऱ्यांसाठी संस्था सांभाळणारे
तडजोड – दोघांनी थोडे थोडे सोडून काढलेला मार्ग

स्वाध्याय
१. 'शाळेचे झाड' आणि 'शाळेतले झाड' यांत फरक काय?
२. तुम्ही क्रिक यांच्या जागी असता तर राजीनामा दिला असता का? पाच वाक्ये लिहा.
३. आईबाबांना विचारा : तुमच्या गावच्या देवळाचा कारभार कोण पाहतो? खर्च कोण करतो?