सुईआधी बोट

पोरी, नेत्रतज्ज्ञ लहाने सरांनी मुंबईला जाण्याआधी जिथे शिकवलं, त्या अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात तू नेत्रविभागात लागलीस. मोतीबिंदूचं फेको ऑपरेशन आल्यापासून पुष्कळदा नुसत्या बधिर करणाऱ्या थेंबांवर भागतं, खरं आहे. पण एखादी आजी डोळा गच्च मिटते, दाब वाढतो आणि उघड्या जखमेतून आतलं बाहेर येऊ बघतं. त्या दिवसासाठी पापणी ढिली पाडणाऱ्या सुयांचं, म्हणजे ब्लॉकचं, हे ऐकून ठेव.

१. आधी तिच्याशी बोल, उताणं झोपवतं का ते विचार — जन्मभर ऊस तोडलेली कंबर आणि जुना खोकला टेबलावरच बोलायला लागतात.

२. चेहऱ्याची नस स्वतःच्या गालावर गिरव — कानामागच्या हाडाजवळच्या छिद्रातून ती निघते, पॅरोटिडमध्ये फांद्या फोडते; पापणी मिटवतात त्या वरच्या दोन, टेम्पोरल आणि झायगोमॅटिक. तुझं भांडण तेवढ्या दोघींशीच!

३. ओब्रायनचा ब्लॉक द्यायचा तर कानापुढे बोट ठेवून तिला तोंड उघड-मीट करायला लाव — जबड्याचं टोक बोटाखाली सरकतं. बोटाला जागा कळली की सुईला डोळे फुटतात. सांध्यात मात्र शिरू नकोस, भाकरी चावताना रोज तुझा उद्धार होईल.

४. व्हॅन लिंटचा ब्लॉक १९१४ पासूनचा, सोपा. पण पापणीपासून लांब टोच — जवळ दिलं की पापणीच फुगून बसते.

५. नॅडबाथचा कानामागचा ब्लॉक आपल्या किडकिडीत म्हाताऱ्यांना देऊच नको — तिथून आत जेमतेम सेंटीमीटरवर नववी, दहावी, अकरावी नस उतरते. औषध तिथवर गेलं तर आवाज बसतो, गिळता येत नाही, श्वास अडतो. दोन्ही बाजूंना एकदम तर स्वप्नातही नाही.

६. दरवेळी पिस्टन मागे ओढून बघ — रक्त आलं तर सुई शिरेत आहे.

७. पापणीनंतर डोळा बधिर करायला डोळ्यामागे सुई घालताना नजर समोर ठेवायला सांग — जुन्या पुस्तकांतलं ‘वर आणि नाकाकडे बघा’ ऑप्टिक नर्व्हला सुईच्या वाटेत आणतं.

८. सगळ्या सुयांची बेरीज कर — चाळीस किलोच्या आजीला साधं दोन टक्के लिग्नोकेन नऊ मिलीपर्यंतच. बुपिव्हाकेन मिसळलंस तर लिग्नोकेन त्याहून कमी.

९. पापणी पुरती मिटेपर्यंत पट्टी काढू देऊ नको — उघडं बुबुळ कोरडं पडतं, आणि गावी जाणाऱ्या एसटीत धूळ काही कमी नसते.