रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद?

चेन्नईतल्या वेलचेरीतल्या माझ्या दवाखान्यात सतत कानावर पडणारं वाक्य: ‘डॉक्टर, रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली.’ अहो, नॉर्मल आला तो त्या गोळीमुळेच! ही कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे स्टॅटिन. तिच्यामुळे यकृतात कोलेस्टेरॉल कमी तयार होतं आणि यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा जागेवर. आणि तो चढताना दुखत-खुपत काहीच नाही.

इथल्या ओएमआर या आयटी पट्ट्यात नोकरी करणारे एक सोलापूरकर, हृदयात स्टेंट घातलेला. एलडीएल १५८ वरून ६२ वर आल्यावर त्यांनी रोसुव्हास्टॅटिन सोडलं आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढा सुरू केला. काही महिन्यांनी जिना चढताना छातीत दडपण येतं म्हणून आले. पिशवीतून काढ्याची बाटली निघाली आणि अर्धवट राहिलेली गोळ्यांची स्ट्रिप. एलडीएल १४९! वेळेत आले म्हणून निभावलं. लसूण फोडणीत जरूर घाला, पण त्याने ब्लॉकेज विरघळतात असं सांगणारे लोकांच्या जिवाशी खेळतात.

‘नैसर्गिकच हवं’ म्हणणाऱ्यांसाठी: पहिलं स्टॅटिन १९७०च्या दशकात जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीतच सापडलं. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात सिमव्हास्टॅटिनमुळे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. असा पुरावा कुठल्या काढ्यामागे आहे?

अंग दुखतं, ते गोळीनेच, असंही नसतं. अशा तक्रारींमुळे स्टॅटिन सोडलेल्यांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली, तेव्हा बहुतेक त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. तरी दुखलं तर सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, एझेटिमाइब हे दुसरं औषध जोडता येतं. मनाने बंद मात्र करू नका.

याला अपवाद आहेत. दोन्ही मांड्या खूप दुखून अशक्तपणा आला, लघवी कोलासारखी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. दिवस गेले असतील तर गोळी थांबवून लगेच कळवा. आणि खोकल्यासाठी मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसोबत काही स्टॅटिन रक्तात धोकादायक वाढतात.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अशा वेळी गॅस समजून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा.